दहनापूर्वीचे प्रश्न

घरातील वृद्ध माणूस निवर्तल्यावर पहिल्या तासात जे प्रश्न उभे राहतात, ते आत्म्याच्या गतीविषयीचे नसून दाखल्याविषयीचे असतात, हे अंगणात तिरडी बांधली जात असताना मयताचे आधारकार्ड शोधण्यासाठी ज्याने कपाट उपसले आहे, त्यास निराळे सांगावयास नको. मृत्यू घरी झाला असल्यास डॉक्टरांनी दिलेला कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, हाती असावा लागतो. आणि १९६९ च्या कायद्यान्वये २१ दिवसांच्या आत करावयाच्या नोंदीत आडनावाची एक वेलांटी जरी चुकली, तरी वारसांस पुढे बँकेत नि तलाठ्याच्या चावडीवर हेलपाटे घालावे लागतात.

लाकूड की विद्युत्दाहिनी, हा वाद त्यानंतरचा. सरणास तीन-चारशे किलो लाकूड लागते, नि अस्थी सावडण्यास बहुधा दुसरा दिवस उजाडतो. दाहिनीत त्या काही तासांत हाती येतात. मडक्याच्या फेऱ्या व अश्म्याचा विधी बाहेरच्या ओट्यावर उरकता येतो, आणि छातीवर कापराची वडी पेटवून दिलेला अग्नी, मग तो मुलीने का दिलेला असेना, आमच्या मते यथासांगच होय. मात्र छातीतील पेसमेकर आधी काढून घ्यावा, कारण ज्वाळेत तो फुटतो; आणि नेत्रदान करावयाचे तर सहा तासांच्या आत.

आमच्या तीर्थरूपांनी जुन्या कालनिर्णयाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवले होते : ‘डोळे द्यावेत. वीज. दहावा नको.’ पहिल्या दोन आज्ञा पाळल्या गेल्या. दहाव्या दिवशी आत्याने गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी भाताचा पिंड ठेवलाच.