रंगपट उघडा ठेवूया

रेडीपासून तेरेखोल, म्हणजे गोव्याची हद्द, हाकेच्या अंतरावर. तरी ‘आपल्याकडे कुठलं आलंय ड्रग्ज’ असं आपण म्हणतोच. मग उपचार घेऊन परतलेल्या दोस्ताशी काय बोलायचं, ते कुणालाच सुचत नाही.

अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर दांपत्याने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. अवचट स्वतः ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे. तिथे औषधं, समुपदेशन यांच्या जोडीला कलाही आली. घडी घालताना कागद ‘का केलंस असं?’ विचारत नाही ना!

आपल्याकडे तर दशावतार आहे. लिहिलेली संहिता नाही. समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे बोलायचं. वर्षानुवर्षं लपवाछपवी केलेल्याला हे जड जाईल. मग त्याने आधी नुसती झांज धरावी. पण एक सांगते, नाटकामागे बाटली फिरत असेल तर त्याला तिथे नेऊच नका. आणि झांज म्हणजे उपचार नव्हे. तलफ परत आली तर डॉक्टरच हवा. सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट आहे. येत्या जत्रेच्या तालमीला त्याला हाक कोण मारणार, तेवढं आज ठरवा.