उसनवारीचा पडदा

गेल्या वर्षी मी फोर-के तबकड्या लावण्याचा प्लेअर घरात आणला, आणि तेव्हापासून आमच्या ओळखीतली शहाणी माणसे माझ्याकडे दयेने पाहू लागली आहेत. "अहो मास्तर, हल्ली तबकड्या कोण घेतो? सगळे मोबाइलवर आहे की!" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की, ते पाठ्यपुस्तकात धडा म्हणून लावले आहे की काय, अशी मला शंका येते. या 'सगळे आहे'वाल्यांशी आज मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण नको असे ज्यांना वाटते त्यांनी हे पान खुशाल उलटावे. राशिभविष्य शेवटी आहेच.

आधी माझ्याच पंथातल्या लोकांचा समाचार घेतो, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. फोर-के म्हणजे चित्राच्या रुंदीत ३८४० आणि उंचीत २१६० ठिपके. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण एवढा गुणाकार मलाही येतो: ८२ लक्ष ९४ हजार ४०० ठिपके, म्हणजे त्याआधीच्या हाय डेफिनिशन चित्राच्या बरोबर चौपट. हा आकडा सांगताना आमच्यातले काही सद्गृहस्थ असा चेहरा करतात, की जणू ते ठिपके त्यांनी स्वतः रांगोळीने घातले आहेत. आणि मग त्रेचाळीस इंची पडदा दहा फुटांवरच्या सोफ्यावरून पाहतात! तेवढ्या पडद्यावर साध्या हाय डेफिनिशनचे ठिपकेसुद्धा निकोप डोळ्याला साधारण सहा फुटांपलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. मग चौपट ठिपके मोजायचे कोणी? केवळ ठिपक्यांसाठी ज्याने चांगला चालता पडदा काढून टाकला, त्याने स्वतःची नव्हे, दुकानदाराची दिवाळी साजरी केली.

तबकडीचा खरा ऐवज निराळा आहे. जुन्या ब्लू-रेवर लाल, हिरव्या, निळ्या अशा प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असत. २०१६ साली आलेल्या या नव्या तबकडीवर त्या १०२४ झाल्या. काळोखातला काळा आणि उन्हातला पांढरा यांच्यामधली जागा भरून निघाली. दुसरे असे की, शंभर गिगाबाइटांच्या तबकडीवरून चित्राची माहिती सेकंदाला शंभर मेगाबिटांच्याही वर वाहू शकते. तारेवरून घरी येणाऱ्या फोर-के चित्रपटाच्या वाट्याला बहुधा पंधरा-वीसच येतात. उरलेले गाळले जाते, आणि ते गाळले जाते ते नेमके धुरातून, धुक्यातून, समईच्या उजेडातून, पावसाळी रात्रीतून. आपल्या जुन्या कृष्णधवल चित्रपटांचे वैभव ज्यात साठलेले आहे, तेच हे!

परंतु चित्र याच्या निम्म्याने चांगले असते तरी मी तबकडीच घेतली असती. कारण ती माझी आहे.

'विकत घ्या' असे लिहिलेले बटण दाबून तुम्ही ऑनलाइन दुकानातून चित्रपट घेता, तेव्हा तुम्ही काय घेता? परवाना घेता. दुकान मनात आणील तोवर पाहण्याचा परवाना. हे माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला की, असा निव्वळ परवाना विकणाऱ्याने तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. ज्या मुलखात हा धंदा वाढला, तिथल्याच सरकारला ही पाटी लावायला सांगावी लागली! २००९ साली अ‍ॅमेझॉनने आपल्या किंडल वाचकांनी पैसे मोजून घेतलेले एक पुस्तक त्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकले होते. पुस्तक कोणते, तर जॉर्ज ऑरवेलचे '१९८४'. पैसे परत केले म्हणे. उद्या कोणी माझ्या कपाटातून ज्ञानेश्वरी नेली आणि मेजावर पैसे ठेवले, तर त्याला मी सज्जन म्हणावे काय?

२०२४ च्या जानेवारीत 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट तक्रारी होताच नेटफ्लिक्सवरून नाहीसा झाला. तो बरा की वाईट, हा वाद ज्याने त्याने पाहून करायचा. पण पाहायचा कुठे? त्याच्या आदल्या वर्षी 'द फ्रेंच कनेक्शन' या १९७१ च्या नाणावलेल्या चित्रपटातला एका प्रसंगाचा तुकडा ऑनलाइन प्रतींतून गुपचूप कापलेला आढळला. ज्यांच्या घरी जुनी तबकडी होती, त्यांच्याजवळ तो तुकडा शाबूत होता. म्हणूनच चोरी उघडकीस आली. माझ्या शाळेतली गोष्ट याहून साधी. नववीच्या मुलांना दाखवायचा म्हणून एक जुना मराठी चित्रपट मी हेरून ठेवला होता. त्यासाठी वर्षाची वर्गणीही भरली होती. सुटी संपवून येतो तो चित्रपट गायब. विचारले तर उत्तर आले: 'हक्कांची मुदत संपली.' माझ्या वर्गणीची मुदत मात्र सात महिने शिल्लक होती.

'पण तबकडीचा धंदाच आटोपला,' असे यावर सांगण्यात येते. सॅमसंगने नवे ब्लू-रे प्लेअर काढणे २०१९ सालीच सोडले, हे मला ठाऊक आहे. तबकडी महाग आहे, हेही खरे. आयातीच्या खर्चासह मला एकेक तीन हजारांच्या घरात पडते आणि त्या महिन्यात घरात कोण काय बोलते, ते इथे छापण्याजोगे नाही. पण धंदा मंदावला म्हणून वस्तू निरुपयोगी ठरत असेल, तर हा दिवाळी अंक तुम्ही कशाला विकत घेतलात?

आणि आता मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या फळीवर 'पथेर पांचाली' आहे. सत्यजित राय यांच्या या १९५५ च्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी त्या जळक्या फिती ओलावून, सांधून उभ्या केल्या, आणि आज एक अमेरिकन प्रकाशनसंस्था त्याची फोर-के तबकडी विकते. त्याच फळीवर मराठी चित्रपटाची अशी तबकडी एकही नाही. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६ चा, ज्याचा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला, तो नाही. ज्याला देशाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, तो अत्र्यांचा 'श्यामची आई'ही नाही.

बंगालच्या फिती जळल्या तशा आपल्याही जळल्या आहेत. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेटच्या जुन्या फितींचा साठा भस्मसात झाला. 'राजा हरिश्चंद्र' आज पुरता उरलेला नाही; 'आलम आरा'ची तर एकही प्रत कुठे नाही. त्या काळी शंभर घरांत शंभर प्रती असत्या तर एका कोठाराच्या आगीने काय बिघडले असते? तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवूनही उरली. ती तरली असे श्रद्धाळू म्हणतात, लोकांच्या तोंडी होती म्हणून वाचली असे चिकित्सक म्हणतात. गाथा एकाच पेटीत कुलूपबंद होती म्हणून वाचली, असे मात्र कोणीही म्हणत नाही.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली दोन हजारांवर चित्रपटांचा जीर्णोद्धार करण्याचा संकल्प २०२२ साली जाहीर झाला. उत्तम! पैसा जनतेचा आहे. मग जीर्णोद्धार झालेले चित्र महोत्सवात निमंत्रितांनी पाहायचे आणि पुन्हा थंड कोठीत ठेवायचे, ही कसली रीत? देवळाचा जीर्णोद्धार करून दाराला कोणी कुलूप लावीत नाही. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास चित्रपटांच्या डीव्हीडी चौतीस रुपयांना विकून दाखवल्या होत्या आणि त्या किराण्याच्या दुकानातही मिळत. फोर-के तबकडी त्या भावात पडणार नाही, हे मलाही कळते. निदान पाचशेत साधी ब्लू-रे काढा आणि हौशी लोकांसाठी फोर-के निराळी ठेवा. अभंगांचे शब्द पडद्यावर देवनागरीत उमटू द्या, सोबत एक छोटी पुस्तिका घाला, आणि पहिल्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांना पाठवा. आमच्या शाळेचा पत्ता मी कळवतो.