विश्लेषण : कर्करोगग्रस्त मुलाच्या पालकांची ‘बुडीत मजुरी’ कोण देणार?

नांदे हे मुळशी तालुक्यातील गाव. हिंजवडीचे आयटी पार्क जवळ, पुणे शहर वीसेक किलोमीटरवर. मोठी रुग्णालये एवढी जवळ असताना येथील एखाद्या मुलाला कर्करोग झाला, तर कुटुंबाची अडचण ती काय? अडचण अंतरापेक्षा मुदतीची आहे. औषधे मोफत मिळाली, तरी दोन-अडीच वर्षे रुग्णालयाशी बांधलेल्या कुटुंबाचे पोट कसे चालणार, याचे उत्तर सरकारी योजनेत नाही.

रुग्णालयात किती काळ?

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग, त्यातही ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’. त्याचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा. त्यात मुलाला बराच काळ दाखल ठेवावे लागते. पुढचे काही महिने केमोथेरपीसाठी सतत फेऱ्या होतात. त्यानंतर घरी गोळ्या आणि ठरावीक तपासण्या.

साध्या तापाची एवढी भीती का?

केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, प्रतिकारशक्ती ढासळते. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीची स्थिती. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा वैद्यकीय निकष आहे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. ताप रात्री दोन वाजता आला, तर दारात वाहन हवे आणि खिशात पैसेही. म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर रुग्णालयाजवळ राहायला सांगतात.

म्हणजे आई मुलाजवळ, वडिलांची कामावर दांडी, धाकटे भावंड आजीकडे आणि मुलाची शाळा बंद. रोजंदारीवरच्या घराला हे किती दिवस झेपणार?

योजनेत काय मिळते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. दाखल असताना रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एकवेळचे भाडेही पॅकेजमध्ये आहे. कर्करुग्णाला व सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत देते. हे मोलाचे आहे; पण खोलीचे भाडे, सोबतच्या आईचे जेवण, रात्रीची रिक्षा आणि बुडालेला रोज यांची भरपाई कुठेच नाही.

परळचा धडा काय?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००९च्या सुमारास बालरुग्णांच्या साधारण पाचांपैकी एका कुटुंबाने उपचार नाकारले किंवा अर्धवट सोडले होते. त्यानंतर आर्थिक मदत, निवास, आहार, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची घडी बसवली गेली आणि पुढच्या दशकात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६पासून मुलांच्या कुटुंबांना मोफत निवास देणारी सेंट ज्यूड संस्था यांनी अशा हजारो कुटुंबांना छप्पर दिले. कुटुंबाला आधार मिळाला, तर मूल उपचार पूर्ण करते, हाच त्याचा अर्थ.

उपाय कोणता?

मुलांच्या कर्करोगात श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे. उपचार अर्धवट सुटणे हे त्याचे एक मोठे कारण. जागतिक आरोग्य संघटनेने २०३०पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट २०१८मध्ये ठेवले.

त्यासाठी नवा शोध लावायला नको. क्षयरुग्णाच्या आहारासाठी २०१८पासून पैसे थेट खात्यात जातात. आदिवासी भागात कुपोषित बालक दाखल असेल, तर पालकाला बुडीत मजुरी देण्याची पद्धत राज्यात आहेच. तीच तरतूद कर्करोगग्रस्त मुलांच्या पालकांसाठी करावी. पैसा कुठून येणार, हा आक्षेप येईल. पण अर्ध्यावर सुटलेल्या उपचारावर आधी झालेला सरकारी खर्च वाया जातो आणि मूलही हातचे जाते. गैरवापराची भीती असेल, तर प्रत्येक मुलाची नोंद रुग्णालयात असते. हजेरीनुसार रक्कम देता येईल.

मुलाचा उपचार सरकारने स्वीकारला आहे. आता त्याच्या उशाशी बसलेल्या आईचा रोजही त्याच हिशेबात धरायला हवा.