आधी दुखण्याच्या गोळीची विचारणा

नाथषष्ठीला पैठणच्या दवाखान्यांत दिंड्यांबरोबर चालत आलेली माणसे येतात. तळव्यांना फोड, गुडघ्यांना सूज, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात आग. आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो आणि पॅन्टोप्राझोल लिहितो. लिहिण्याआधी एवढे विचारावे: ‘माउली, गुडघ्यासाठी काय घेता?’ उत्तर बहुतेक वेळा खिशातल्या पुडीत सापडते.

जठराच्या पोकळीत पीएच एक-दोन असतो, तर अस्तराच्या पेशींलगत तो सातच्या जवळ राखला जातो. मधे श्लेष्म आणि बायकार्बोनेट यांचा मिलिमीटरपेक्षाही पातळ थर असतो. तो थर, खालचा रक्तपुरवठा आणि झिजलेल्या पेशींची दुरुस्ती, सगळे प्रोस्टाग्लँडिनच्या भरवशावर चालते. अॅस्पिरिनसारखी औषधे नेमके तेच बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले.

म्हणूनच ‘इंजेक्शनने पोटाला त्रास नाही’ हा समज घातक आहे, आणि तो रुग्णांपेक्षा आपल्यातच अधिक रुजला आहे. कमरेत टोचलेले डायक्लोफेनॅक रक्तातून म्युकोसापर्यंत पोहोचतेच. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ कमी होईल, पण व्रणाचा धोका टळत नाही. असे व्रण अनेकदा दुखतही नाहीत. पहिली खूण थेट रक्तस्राव. उन्हात चालून शरीरातले पाणी आटलेल्या साठी-सत्तरीच्या वारकऱ्याला हे इंजेक्शन देताना मूत्रपिंडाचाही विचार हवा. आमच्या मते सुरुवात पॅरासिटामॉल, विश्रांती आणि शेकानेच व्हावी.

पॅन्टोप्राझोलला आमचा विरोध नाही. पूर्वी व्रण झालेला, उतारवयाचा किंवा हृदयासाठी अॅस्पिरिन घेणारा रुग्ण असेल आणि वेदनाशामक टाळता येत नसेल, तर ते द्यायलाच हवे. खटकते ते कारण न शोधता वर्षानुवर्षे चालू ठेवणे. अन्नातले बी-१२ सुटे व्हायला आम्ल लागते. शाकाहारी माळकऱ्याच्या आहारात ते मुळातच कमी. त्याच्या पायांना मुंग्या येत असतील तर ही जुनी चिठ्ठीही तपासावी.

हेलिकोबॅक्टर पायलोरीचा शोध मार्शल आणि वॉरन यांना २००५ चे नोबेल देऊन गेला, तरी तालुक्याच्या ठिकाणी तपासणी क्वचितच होते. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांत हा जंतू असतो, आणि वेदनाशामकांच्या जोडीने तो व्रणाचा धोका आणखी वाढवतो. शौचाची अँटिजेन तपासणी करायची तर पॅन्टोप्राझोल दोन आठवडे आधी थांबवावे, नाहीतर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

यात्रेत कुणी ‘शौचाला डांबरासारखी काळी होते’ म्हणाले, तर लोहाच्या गोळ्यांची चौकशी करावी, नाडी आणि रक्तदाब पाहावा. चक्कर किंवा रक्ताची उलटी असेल तर शिरेतून सलाईन सुरू करून त्याच रात्री एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात, संभाजीनगरला पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत पुडीतल्या गोळ्यांची नावेही लिहावीत.