यशाने धार गेली नाही, तारखा गेल्या



सिनेसंगीतात नाव झाले की रॉक बँड बोथट होतो, हे गेल्या अंकातील पत्राचे म्हणणे पटण्यासारखे नाही. मुंबईच्या ‘पेंटाग्राम’चा इतिहास वेगळेच सांगतो.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या या बँडचा गायक विशाल ददलानी. शेखर रवजियानीसोबत ‘झंकार बीट्स’ला (२००३) संगीत दिल्यावर हिंदी सिनेमात त्याचा जम बसला. २००७ मध्ये या जोडीची ‘ओम शांती ओम’ची गाणी घराघरांत वाजत होती. त्याच वर्षी ‘पेंटाग्राम’चा ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आला, २०११ मध्ये ‘ब्लडीवूड’. गिटार आणि इलेक्ट्रॉनिक ठेक्यांचा तो रांगडेपणा सिनेमाने पुसलेला नाही. हिरावला तो वेळ! पुढच्या अल्बमची वाट लांबतच गेली.

अमेरिकेत ‘निर्वाणा’चे ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) तुफान खपले, तेव्हा बँडने १९९३ चा ‘इन युटेरो’ मुद्दाम अधिक खरखरीत केला. म्हणजे यशाचा दाब उलट दिशेनेही काम करतो.

आमच्या भागातली झाडीपट्टीची नाटके पाहिलेल्यांना हे नवे नाही. मुंबईचे सिनेकलावंत तिथे पाहुणे म्हणून येतात, तरी रात्रभर रंगणारा खेळ आणि समोर बसून वाजवणारे वादक टिकून आहेत. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

पत्रलेखकाने ‘पेंटाग्राम’चे ‘अप’ (२००२) आणि ‘ब्लडीवूड’ हे अल्बम लागोपाठ ऐकावेत, मग बोथटपणा नेमका कुठे आहे ते लिहावे.

— एक वाचक, भद्रावती (जि. चंद्रपूर)