आयत्या वेळच्या विषयात तारा नकोत

राजगुरुनगरला आता जास्त वीज लागते, हे आधी मान्य करू. चाकणला बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र आले, त्यांच्यामागे सुट्या भागांचे कारखाने आले आणि तिथं पाळी करणारी माणसं खोल्या शोधत आमच्या वाडा रस्त्याला, सातकरस्थळाला, राक्षेवाडीला, तिन्हेवाडीला पोचली. जिथं कांदा-बटाटा निघायचा तिथं चार-चार मजले उभे राहिले. डीपी मात्र जुनीच राहते, तारा जुन्याच राहतात आणि संध्याकाळी सातला बोअरची मोटर उचलत नाही. तेव्हा जाड तार हवी, नवा फिडर हवा, नवं रोहित्र हवं. वाहिनी नकोच म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही.

पण ती कोणत्या गल्लीतून जाणार, किती उंचीवरून, कोणाच्या गॅलरीपासून किती लांबून, हे आपल्याला कधी कळतं? खड्डा खणायला माणसं आली की. तोवर वीज कंपनीचं पत्र नगरपरिषदेत येऊन गेलेलं असतं, खोदाईचं शुल्क भरलेलं असतं आणि ठराव झालाच असेल तर तो सर्वसाधारण सभेच्या शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली. गटाराच्या झाकणावर तासभर भांडणारं सभागृह वीजवाहिनी दोन मिनिटांत मंजूर करतं. बहुतेक लहान शहरांची हीच तऱ्हा आहे आणि मला ती मान्य नाही.

अंतराचा हिशेब प्रत्येक घरात माहीत असायला हवा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार पुणे जिल्ह्यात सर्रास दिसणारी 22 केव्हीची तार इमारतीपासून आडवी किमान 2 मीटर आणि गच्चीपासून उभी किमान 3.7 मीटर लांब हवी. घरगुती दाबाच्या उघड्या तारेलाही आडवं 1.2 आणि उभं 2.5 मीटर अंतर लागतं. 220 केव्हीच्या टॉवरवाहिनीसाठी हेच आकडे 3.8 आणि 5.5 मीटरवर जातात, शिवाय तिच्याखालचा 35 मीटर रुंदीचा पट्टा मोकळा राहावा लागतो.

आणि मोजायचं केव्हा, तेही नियमात आहे. उंची मोजायची ती तारेला जास्तीत जास्त झोळ पडलेला धरून, आणि आडवं अंतर मोजायचं ते वाऱ्यानं तार जास्तीत जास्त सरकलेली धरून. भार वाढला की तार तापते, तापली की लांबते, लांबली की खाली येते. जानेवारीच्या सकाळी नियमात बसलेली तार एप्रिलच्या दुपारी, सगळे पंखे आणि मोटारी चालू असताना, त्याच गच्चीच्या हातभर जवळ आलेली असू शकते. जुन्याच खांबांवर जाड तार ओढायची तर वजनही वाढतं. म्हणजे दोन खांबांमधलं अंतर कमी करायला हवं, मध्ये नवे खांब हवेत, ते कुठे रोवायचे ते आधी ठरायला हवं. ‘फक्त तार बदलतोय’ हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे.

तारांपासून होणाऱ्या ‘रेडिएशन’ची भीती लोक हमखास बोलून दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2002 मध्ये अशा चुंबकीय क्षेत्रांना ‘कदाचित कारणीभूत’ या गटात टाकलं आहे, त्यापुढे पुरावा गेलेला नाही. गच्चीवर चढवलेली लोखंडी सळई, ओला बांबू, पतंगाचा मांजा, यांनी मात्र माणसं खरोखर जातात. भोसरीच्या इंद्रायणीनगरात 5 सप्टेंबर 2020 रोजी इमारतीला लागून असलेल्या रोहित्राचा स्फोट झाला आणि त्यात तान्ह्या बाळासह एकाच घरातले जीव गेले. रोहित्र आणि राहतं घर यांच्यात किती जागा असते, हे त्या दिवशी सगळ्या पट्ट्यानं पाहिलं.

घर तारेजवळ आलं की तार घराजवळ, हा वाद प्रत्येक गल्लीत आहे. मला वाटतं, दोष दोन फायलींचा आहे. बांधकामाची परवानगी एका टेबलावर, वाहिनीच्या खोदाईची दुसऱ्या. इमारतीच्या नकाशावर वरून जाणारी तार दाखवलेली नसते आणि वाहिनीच्या नकाशावर नुकत्याच मंजूर झालेल्या इमारती नसतात. दोन्ही कागद एकाच कार्यालयात असताना ते एकत्र ठेवायला कोणाची हरकत आहे?

कायद्यात नगरपरिषद दुबळी आहे असंही नाही. मोठ्या पारेषण वाहिन्यांना वीज कायद्याच्या कलम 164 मुळे 1885 च्या तार कायद्यातले अधिकार मिळतात. नवा दूरसंचार कायदा आला तरी त्यातला तो भाग वाहिन्यांसाठी जिवंत ठेवला आहे. त्याच जुन्या कायद्यात लिहिलंय की स्थानिक संस्थेच्या ताब्यातल्या जागेवर तिच्या परवानगीशिवाय काम करायचं नाही, आणि परवानगी देताना संस्था वाजवी अटी घालू शकते. ज्यांना कलम 164 चे अधिकार नाहीत त्यांना वीज कायद्याखालचे 2006 चे नियम लागू होतात. त्यात जागामालकाची आधी संमती लागते, त्यानं हरकत घेतली तर प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे जातं. अटी घालण्याचा हक्क वापरला जात नाही, ही आपली अडचण आहे.

हरकतीनं मार्ग बदलतो, याचं उदाहरण शेजारी गोव्यात आहे. तम्नार प्रकल्पाची 400 केव्ही वाहिनी मोले परिसरातल्या जंगलातून नवा पट्टा तोडून जाणार होती. लोक रस्त्यावर आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीनं आधीच्या वाहिनीचाच पट्टा वापरण्याची शिफारस केली आणि एप्रिल 2022 मध्ये न्यायालयानं ती उचलून धरली. वीज अडली नाही, वाट बदलली.

भरपाईचंही तेच, विचारणाऱ्याला मिळते. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला आहे. मार्च 2025 च्या पुरवणीत नगरपरिषदांच्या हद्दीत पट्ट्याचा दर 45 टक्के केला आहे. या सूचना आंतरराज्य वाहिन्यांसाठी आहेत, राज्यांनी त्या स्वीकाराव्यात असं केंद्राचं म्हणणं आहे. मग आपल्या हद्दीतल्या कामाला कोणता दर, हे लेखी मागून घेतलं पाहिजे.

राजगुरुनगर ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. तिथं कोणीही उठून सरपंचाला विचारू शकत होता. नगरपरिषद झाली, निधी वाढला, पण ती उठून विचारायची जागा गेली. मधली काही वर्षं प्रशासकाच्या राजवटीत गेली. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर आता निवडून आलेलं सभागृह आहे, त्यामुळे विचारणा कोणाला करायची हा प्रश्न उरलेला नाही.

नगरसेवकांना माझी विनंती अशी: वाहिनीचा प्रत्येक विषय नियमित विषयपत्रिकेवर घ्या. मार्गाचा नकाशा, खांबांच्या जागांसकट, महिनाभर आधी नगरपरिषदेच्या फलकावर आणि त्या त्या प्रभागात लावा. अभियंता, वायरमन आणि रहिवासी यांची एकत्र पाहणी भर उन्हाळ्यात, दुपारी करा. गल्ली दोन मीटर अंतर देण्याइतकी रुंद नसेल तिथं भूमिगत किंवा आवरण असलेली केबल, ही परवानगीची अटच घाला. खर्च जास्त येतो हे खरं आहे, पण तो आधी मोजता येतो.

आणि रहिवाशांनो, आपल्या गच्चीवरून गेलेल्या तारेचं अंतर नजरेनं पाहा, काठीनं किंवा लोखंडी टेपनं मोजायला जाऊ नका, त्यासाठी कंपनीच्या सेक्शन ऑफिसला अर्ज करा. एक प्रत नगरपरिषदेत द्या आणि दोन्हीकडे शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.