उपचारापुरता दंड

आजीच्या कपाटात लाइट बिलांच्या फाइलमध्ये दोन पावत्या आहेत. दोन्ही माझ्या मामाच्या, दोन्ही दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दंडाच्या. पहिला दंड भरला तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नव्हतं. दुसऱ्या वेळी आजी एवढंच म्हणाली, "पैसे भरलेत की, आता विषय काढू नका." तिसऱ्या वेळी प्रकरण पावतीवर भागलं नाही. एका रोसच्या जेवणावरून पहाटे परतताना मामाची मोटरसायकल सायकलवरून दूध घालायला निघालेल्या माणसाला धडकली. त्याचा पाय मोडला, मामाला कपाळावर चार टाके पडले. केस अजून चालू आहे. मामा अजून पितो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक शब्द. मंडळाच्या अनुवाद उपक्रमासाठी मी अमेरिकेतल्या न्यायालयांवरचा एक लेख घेतला होता. वारंवार दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी तिथं वेगळी 'ट्रीटमेंट कोर्ट' असतात. मी लिहिलं 'उपचार न्यायालय', आणि थांबले. कारण मराठीत उपचाराचे दोन अर्थ आहेत. एक डॉक्टर करतात तो. दुसरा आपण 'उपचार म्हणून' करतो तो, म्हणजे केल्यासारखं दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. मामाच्या दोन पावत्या मला या दुसऱ्या अर्थात बसणाऱ्या वाटल्या. म्हणून पहिल्या अर्थाचं न्यायालय कसं चालतं ते नीट वाचायचं ठरवलं.

सुरुवात अमली पदार्थांपासून झाली. 1989 मध्ये फ्लोरिडातल्या मायामीत पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. तीच तीच माणसं त्याच त्याच गुन्ह्यासाठी तुरुंगात येतात आणि सुटल्यावर पुन्हा येतात, हे न्यायाधीशांनी पाहिलं होतं. 1995 मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या डोन्या आना काउंटीत हीच पद्धत मद्यपी वाहनचालकांसाठी वापरली गेली. आज अशी शेकडो न्यायालयं तिथं आहेत.

इथं पहिल्यांदा पकडलेला, एखाद्या पार्टीत जास्त झालेली असा माणूस सहसा घेत नाहीत. ज्याला दारूचं व्यसन जडलंय आणि जो पुन्हा गाडी काढेल अशी दाट शक्यता आहे, तोच घेतात. बहुतेक ठिकाणी त्याला आधी गुन्हा कबूल करावा लागतो. मग वर्ष-दीड वर्षाचा, काही ठिकाणी त्याहून मोठा कार्यक्रम सुरू होतो. तो टप्प्याटप्प्यांचा असतो. सुरुवातीला साधारण दर पंधरा दिवसांनी त्याच न्यायाधीशासमोर उभं राहायचं. आठवड्यात अनेकदा समुपदेशन. कधीही फोन येईल तेव्हा लघवीची तपासणी. काहींच्या घोट्याला एक पट्टा बांधतात, तो घामातून अल्कोहोल ओळखतो. गाडीला असं यंत्र बसवतात की फुंकर मारून दारू नाही हे सिद्ध झाल्याशिवाय इंजिनच सुरू होत नाही.

मला सगळ्यात नवल वाटलं ते सुनावणीच्या आधीच्या बैठकीचं. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन अधिकारी, समुपदेशक आणि पुष्कळदा पोलीससुद्धा एका टेबलाभोवती बसतात आणि एकेका माणसाबद्दल बोलतात. याला काम मिळालं का, घरचं कसं चाललंय, मागच्या आठवड्यात तपासणी का चुकवली. नंतर कोर्टात तो माणूस पुढं येतो तेव्हा न्यायाधीशाला हे सगळं माहीत असतं. नव्वद दिवस कोरडे गेले असतील तर भर कोर्टात टाळ्या वाजतात. चुकला तर शिक्षा लगेच, पण चुकीच्या मापाची: जास्तीची हजेरी, सामाजिक काम, कधी एक-दोन रात्री कोठडी. प्यायलो हे आपणहून सांगणाऱ्यापेक्षा खोटं बोलणाऱ्याला सहसा जास्त भोगावं लागतं. आम्हां कॅथलिकांना हे ऐकल्यासारखं वाटेल. लपवून ठेवलेल्या पापाची क्षमा घेता येत नाही, हे आपण पहिल्या कन्फेशनच्या वर्गातच शिकलेलो असतो.

तुम्ही म्हणाल, हे लाड झाले. गुन्हेगाराला टाळ्या कसल्या? मलाही आधी तसंच वाटलं. मग मी मामाला त्या जागी ठेवून बघितलं. दहा हजार भरायचे, की दीड वर्ष दर पंधरवड्याला एका माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं, की मी प्यायलो? मामानं पैसेच भरले असते, उसने काढून भरले असते. अमेरिकेतही काही आरोपी यापेक्षा सरळ तुरुंग पत्करतात. याला लाड म्हणणं कठीण आहे.

पण दोन शंका मला खऱ्या वाटतात. पहिली, याचा उपयोग होतो का? 2012 मध्ये अशा न्यायालयांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. त्यात मद्यपी चालकांच्या न्यायालयांचे 28 अभ्यास होते. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं, पण चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात तसे काटेकोर प्रयोग थोडे होते आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणजे हा रामबाण नव्हे.

दुसरी शंका सक्तीची. दारू सोडवणाऱ्या पुष्कळ मंडळांच्या बैठकांत देवाचं नाव येतं. न्यूयॉर्कमध्ये स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या एका मद्यपी चालकाला प्रोबेशनची अट म्हणून अशा बैठकांना जायला लावलं होतं. 1996 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं सांगितलं, की सरकारनं अशी सक्ती करणं घटनेच्या विरुद्ध आहे. खटला साध्या प्रोबेशनचा होता, पण ट्रीटमेंट कोर्टांनाही तो लागू पडतो. मी श्रद्धाळू आहे, तरी मला हा निकाल पटतो. कोर्टाच्या धाकानं म्हटलेली प्रार्थना ही पुन्हा उपचार म्हणून केलेलीच गोष्ट. दारू सोडायला लावणं हा न्यायाधीशाचा अधिकार असेल, देव धरायला लावणं हा नाही.

आता आपल्याकडचं बघूया. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही मर्यादा 80 आहे, म्हणजे आपला नियम जास्त कडक. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांचा दंड किंवा दोन्ही. कागदावर कमी काही नाही. कमी आहे ते पुढचं. दंड भरल्यावर मामाला कोणी विचारलं नाही, की तू रोज पितोस का, किती पितोस, कधीपासून पितोस.

आणि विचारायला नवा कायदाच लागतो असंही नाही. 1958 च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्यात न्यायालयाला देखरेखीचा आदेश देता येतो, आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालता येते असं त्यात स्पष्ट लिहिलंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही गुन्ह्यांना सामाजिक कामाची शिक्षा आलीय. व्यसनमुक्तीसाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये वेगळा विभाग आहे, तिथं आपल्या भागातून लोक जातातही. सुटे भाग सगळे आहेत, ते जोडणारं कोणी नाही.

घोट्याचे पट्टे आणि महागडी यंत्रं उद्या बेळगावात येतील असं मी म्हणत नाही. कोर्टांवर केसेसचा डोंगर आहे हेही मला दिसतं. माझं मागणं लहान आहे. दुसऱ्यांदा पकडलेल्या माणसाची पावती फाडण्याआधी त्याची व्यसनाची तपासणी व्हावी. आणि वर्षभर, महिन्यातून एकदा का होईना, त्यानं एकाच अधिकाऱ्यासमोर हजर व्हावं, त्या अधिकाऱ्याला त्याचं नाव आठवावं.

घरच्यांनाही मी यातून सोडत नाही. "आता विषय काढू नका" म्हणणारी आजी एकटी नव्हती. आम्ही सगळ्यांनी विषय काढला नाही. दंड भरला की आपलंही काम संपलं, असं आम्हालाही हवंच होतं.

अपघातानंतर मी आईबरोबर त्या दूधवाल्यांच्या घरी गेले होते. आई पैशांचं पाकीट हातात धरून बसली होती, बोलायला तिला शब्द सापडत नव्हते. त्यांच्या बायकोनं आम्हाला चहा दिला. मामाला जेलमध्ये घाला असं ती म्हणाली नाही. तिनं एकच विचारलं, "ते परत गाडी चालवतात काय ओ? आमचं माणूस बरं झालं की त्याच रस्त्यानं जाणार बघा."

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पावतीवर नसतं. त्या दिवशी आमच्याकडेही नव्हतं.